‘१ ला काळा दिन, डिलिव्हरी नाही’ : एका फराळाच्या यादीचं प्रकरण

सुरुवातीलाच सांगते, यातली माणसं खरी आहेत पण नाव कुणाचंच दिलेलं नाही, गल्ल्या आणि काही बारीक तपशील मुद्दाम इकडचे तिकडे केलेत. ज्यांच्याबद्दल हे आहे त्यांना सगळं वाचून दाखवलं, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली ती केली. "लिही की, खरं माझ्या घराचा पत्ता कळंल असं काय नको" एवढंच म्हणाल्या.

पार्श्वभूमी

बेळगावात आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रूप आहे, घरून धंदा करणाऱ्या बायकांचा आणि त्यांच्या गिऱ्हाइकांचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुरू झाला तेव्हा चाळीस-पन्नास जणी होतो, आता सहाशेच्या वर लोक आहेत. कुणी पापड-कुरडया करतं, कुणी मेंदी काढतं, कुणी शहापूरच्या साड्या विकतं, माझं स्वतःचं ब्लाऊज शिवायचं काम आहे. मराठी माणसं जास्त, पण कन्नड बोलणारी भरपूर आहेत, उर्दू बोलणारी आहेत, मेसेज तिन्ही भाषांत येतात आणि बहुतेकांना तिन्ही समजतात. मी आणि एक कन्नड भाषिक सर असे आम्ही दोघं अॅडमिन. सर बँकेत आहेत, त्यांच्या मिसेस केक करतात म्हणून ते ग्रूपमध्ये आले होते.

पहिलं भांडण ग्रूपच्या नावावरूनच झालं होतं हे सांगायला पाहिजे. शहराचं सरकारी इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, मराठी माणूस बेळगावच म्हणतो, कन्नड माणूस पहिल्यापासून बेळगावीच म्हणत आलाय, म्हणजे दोघांनाही आपलं तेच मूळ आणि दुसऱ्याचं ते लादलेलं असं वाटतं. तीन दिवस त्यावर चर्चा चालली, मग सरांनीच सुचवलं की पिनकोडचे पहिले तीन आकडे घालूया, ५९०. ते सगळ्यांना चाललं. तेव्हा आम्हाला वाटलं की आपण हुशारीनं मार्ग काढला, आणि बहुतेक तिथंच आमची सवय लागली की शब्द टाळला की भांडण टळतं.

काकू या ग्रूपमध्ये जवळजवळ पहिल्यापासून आहेत. मराठी गिऱ्हाइकं त्यांना काकू म्हणतात, कन्नड गिऱ्हाइकं अक्का. वय साठीच्या आसपास. फराळ करतात, वर्षभर चकली-चिवडा आणि दिवाळीत सगळंच, आणि संक्रांतीला शेंगदाण्याच्या पोळ्या म्हणजे आपल्या इकडची शेंगा होळगी. बाजारातलं कन्नड त्यांना छान येतं. राजकारणाशी संबंध म्हटला तर सासरे जुने समितीवाले होते, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे, १९५६ च्या १७ जानेवारीला सीमा आंदोलनावर झालेल्या गोळीबाराच्या आठवणी सांगायचे, आणि घरातलं कुणी ना कुणी दर वर्षी सायकल फेरीला जातं. म्हणजे इथल्या हजारो मराठी घरांसारखं घर.

बाहेरच्या वाचकासाठी थोडक्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातलं. त्याच तारखेला कन्नड मुलूख एका राज्यात आला म्हणून कर्नाटकात तो दिवस राज्योत्सव, सणासारखा साजरा होतो, लाल-पिवळे झेंडे, मिरवणुका, राणी चन्नम्मा चौकात पाय ठेवायला जागा नसते. आणि सीमाभागातले मराठी लोक तोच दिवस काळा दिन म्हणून पाळतात, सकाळी काळे कपडे, काळ्या फिती, मूक सायकल फेरी. मधे १९६६ ला महाजन आयोग नेमला, १९६७ ला त्याचा अहवाल आला, बेळगाव कर्नाटकातच राहावं असं त्यात होतं, महाराष्ट्रानं तो मानला नाही, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. हे इतकं सगळं त्या एका तारखेच्या मागे उभं आहे आणि तरी ती तारीख कॅलेंडरवरची पण एक तारीख आहे, त्या दिवशी कुणाचा तरी वाढदिवस असतो, कुणाला तरी गॅस संपल्याचा फोन करायचा असतो.

२०२४ ला तर १ नोव्हेंबर आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं.

काय झालं

रविवार, २० ऑक्टोबरला रात्री काकूंनी ग्रूपवर दिवाळीची यादी टाकली. मी ती जशीच्या तशी देते कारण सगळं यातच आहे:

"चकली, कडबोळी, करंजी, शंकरपाळी, बेसन लाडू, अनारसे. ऑर्डर शुक्रवार २५ पर्यंत. डिलिव्हरी २८ ते ३१. १ ला काळा दिन, डिलिव्हरी नाही. २ ला पाडवा, सकाळी १० पर्यंत घरून न्यावे. ಕನ್ನಡದಲ್ಲಿ ऐवजी फोन करा, मी बोलते."

शेवटच्या ओळीतला कन्नड शब्द मोबाईलनं आपोआप घातलेला, त्यांना म्हणायचं होतं की कन्नडमध्ये लिहायला मला जमत नाही, फोन करा मी कन्नडमध्ये सांगते. वाक्य तसं अर्धवटच झालं होतं.

त्या दिवशी डिलिव्हरी का नाही, तर डबे पोचवणारा रिक्षावाला १ तारखेला गाडीच काढत नाही. सकाळी फेरीचा बंदोबस्त, दुपारनंतर राज्योत्सवाची मिरवणूक, अर्ध्या गावातले रस्ते बंद. काकूंच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला एक कॅलेंडर टांगलेलं असतं, त्यावर दुधाचे खाडे, गॅसची तारीख, ऑर्डरी सगळं पेननं लिहिलेलं असतं आणि १ नोव्हेंबरच्या चौकोनात दर वर्षी "का. दिन" असं. सासूबाई लिहायच्या, त्यांच्यानंतर काकू लिहितात. त्यांनी कॅलेंडर बघून यादी टाईप केली आणि ते दोन शब्द पण त्यात आले.

सोमवारी सकाळी साडेसात-आठच्या सुमारास त्यांना पहिला अनोळखी फोन आला. दहा वाजेपर्यंत अकरा. सगळे कन्नडमध्ये, काही सभ्य, काही अजिबात नाही, आणि बहुतेकांचं एकच म्हणणं, क्षमे केळबेकु, माफी मागा, व्हिडिओ करून मागा.

मला सरांनी स्क्रीनशॉट पाठवला तो असा होता: वरचं खालचं सगळं कापलेलं, फक्त एक ओळ, १ ला काळा दिन, डिलिव्हरी नाही. वर काकूंचा मोबाईल नंबर पूर्ण दिसतोय. खाली कन्नडमध्ये लिहिलेलं, त्याचा अर्थ असा की आमच्या राज्योत्सवाला कराळ दिन म्हणणारी ही नाडद्रोही, म्हणजे कन्नड नाडाशी द्रोह करणारी, बेळगावीत धंदा करते, कन्नड गिऱ्हाइकांना त्या दिवशी माल देणार नाही म्हणते, हिला धडा शिकवा.

इथं थांबून दोन गोष्टी सांगते.

एक, तो शब्द. मराठीत काळा दिन म्हणजे काळा, रंग, निषेधाची फीत असते तसा. कन्नड बातम्यांत त्यासाठी रूढ झालेला शब्द आहे कराळ दिन. कराळ म्हणजे भयंकर, विक्राळ. भाषांतर चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, तो तिकडचा ठरलेला शब्द आहे. पण कन्नड माणसाच्या कानावर काकूंचं वाक्य पडलं ते आमची दुःखाची आठवण असं पडलं नाही, तुमचा सण भयंकर आहे असं पडलं. सणाच्या आठवड्यात आपल्या सणाला कुणी असं म्हटलं तर मला पण लागलं असतं.

दुसरी गोष्ट, तो नंबर. व्हॉट्सअॅप ग्रूपमध्ये ज्याचा नंबर तुमच्याकडे सेव्ह आहे त्याचं नाव दिसतं, सेव्ह नसेल तर नंबर दिसतो. स्क्रीनशॉटमध्ये नंबर दिसत होता, म्हणजे ज्यानं कुणी तो काढला त्याच्या फोनमध्ये काकू सेव्ह नव्हत्या. त्यांच्याकडून कधी चकली घेतलेलं ते माणूस नव्हतं. हे सरांच्या लक्षात आलं, माझ्या नाही, आणि आलं ते पण बुधवारी.

अडचण नेमकी काय होती

सोमवारी दुपारपर्यंत तो स्क्रीनशॉट माझ्याकडे चार ठिकाणांहून आला, दोन बाणांची खूण लागलेला, म्हणजे निदान पाच हातांतून गेलेला. अशा मेसेजला व्हॉट्सअॅपनं २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायची मर्यादा घातलीय, पण स्क्रीनशॉट परत गॅलरीतून टाकला तर तो नव्यासारखाच जातो, त्यामुळं त्या मर्यादेचा आम्हाला काही उपयोग झाला नाही.

संध्याकाळी दुसरी बाजू उठली. मराठी ग्रूप आणि पेजेसवर तोच स्क्रीनशॉट, तीच कापलेली ओळ, आता खाली लिहिलेलं: बेळगावची वाघीण, कानडी गिऱ्हाइकांना ठणकावलं. काकूंनी कुणाला ठणकावलं नव्हतं. पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं ते आईच्या फोटोसकट स्टेटसला ठेवलं, मित्रांनी पुढं पाठवलं, आणि मंगळवारी सकाळी कोल्हापूर, सांगली, पुण्याहून सपोर्टच्या ऑर्डरी यायला लागल्या, काहींनी तर पैसे आधीच पाठवले. मुलाचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही, आईवर कुणी तुटून पडलं तर मुलगा असंच करणार. पण तो पुण्यात होता आणि आई बेळगावात, दाराची बेल तिच्या घरची वाजत होती.

तर अडचण अशी की काकूंचं चार वर्षांचं ग्रूपवरचं नाव आणि त्याआधीची वीस-बावीस वर्षं गल्लीतलं नाव, हे दीड दिवसात दोन्हीकडच्या अशा लोकांच्या हातात गेलं ज्यांनी त्यांना बघितलेलं नव्हतं. एकानं नाडद्रोही म्हटलं, दुसऱ्यानं वाघीण, दोघांनाही काकू नको होत्या, ती ओळ पाहिजे होती.

आणि आमच्या ग्रूपमध्ये? सहाशे लोक, त्यातले निदान दीडशे त्यांचे गिऱ्हाईक, आणि सोमवारी सकाळपासून कुणी एक अक्षर बोललं नाही. मी पण नाही. प्रत्येकाला वाटत होतं की आपण काही लिहिलं तर पुढचा स्क्रीनशॉट आपला. मराठी बायकांना वाटलं बाजू घेतली की आपली कन्नड गिऱ्हाइकं जातील, कन्नड बायकांना वाटलं बोललो तर आपलेच लोक विचारतील की काळा दिन म्हणणारीला पाठिंबा कसा देतेस. ऑर्डरी मात्र गप्प गप्प कॅन्सल होत होत्या. सत्तरएक ऑर्डरींतल्या एकोणीस, त्यातल्या सहा मराठी घरांच्या.

कोणते पर्याय समोर होते

सोमवारी दुपारी मी, सर आणि काकूंचे मिस्टर असे तिघं बोललो, काकू तेव्हा भाजणी दळून आणायला गेल्या होत्या. माणूस ज्याच्याबद्दल आहे तोच बैठकीत नाही, हे आज लिहिताना पण खटकतंय.

मेसेज डिलीट करायचा हा पहिला विचार, आणि तोच सगळ्यात सोपा. अॅडमिनला कुणाचाही मेसेज काढता येतो, पण तिथं अमुक अॅडमिननं काढला अशी ओळ राहते, नावासकट. मग प्रश्न असा आला की कुणी काढायचा. सरांनी काढला तर मराठी लोक म्हणणार कन्नड अॅडमिननं दाबलं. मी काढला तर चूक कबूल केल्यासारखं. काकूंनी स्वतः काढला तर घाबरल्या असं होणार.

माफीचा व्हिडिओ. काकूंच्या मिस्टरांचं मत होतं की करून टाकू, विषय संपेल. सरांनी ठाम विरोध केला आणि तो मला पटला. असे व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलेत, बाजूला कोण तरी उभं आहे, माणूस हात जोडून सांगितलेलं वाक्य म्हणतंय. विषय संपत नाही, तो व्हिडिओच त्या माणसाची कायमची ओळख होऊन बसतो. आणि मराठी बाजूला तोच व्हिडिओ पेट्रोलसारखा पडला असता.

पोलिसांत जायचं का, हे पण बोललो. ग्रूपमधल्या एका वकील ताईंना विचारलं. त्यांनी सांगितलं की दोन समाजांत तेढ लावण्याचं जे जुनं १५३ अ कलम होतं ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १९६ झालंय, काकूंच्या वाक्यात तसं काही नाही, पण तक्रार कुणीही करू शकतं आणि मग धावपळ आपलीच. उलट फोनवरून धमक्या येतायत त्याची लेखी नोंद करून ठेवा म्हणाल्या. मला माझी पण काळजी होती, अॅडमिन म्हणून. सभासदाच्या मेसेजला केवळ अॅडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही असा मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल आहे, पण आपल्याला धारवाड खंडपीठ लागतं हे त्यांनी लगेच सांगितलं. ऐकून माझी झोप काही परत आली नाही.

चौथा पर्याय गप्प बसायचं, चार दिवसांत लोक विसरतात. सरांना याची भीती होती आणि त्यांनी जुन्या गोष्टी काढल्या. डिसेंबर २०२१ ला बेंगळुरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकल्याचा व्हिडिओ फिरला, त्यानंतर बेळगावात कन्नड लोकांना पूज्य असलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली, जमावबंदी लागली. २०२२ च्या डिसेंबरात दोन्ही राज्यांत गाड्यांवर दगड पडले, १४ तारखेला दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवून बैठक झाली आणि बाहेर येऊन अमित शहांनी सांगितलं की मोठ्या नेत्यांच्या नावानं काढलेल्या खोट्या ट्विटर अकाउंटनी पण हे वाढवलं. "मॅडम, तिथं मोठ्या माणसांच्या तोंडी खोटं वाक्य घातलं होतं, इथं तर वाक्य खरं आहे, फक्त कापलेलं आहे, हे आपोआप विझणार नाही," असं सर म्हणाले.

पाचवा पर्याय त्या दिवशी कुणाच्या डोक्यातच आला नाही.

काय केलं

सोमवारी संध्याकाळी मी मेसेज डिलीट केला. माझ्या नावानं. काकूंना फोन करून सांगितलं, विचारलं नाही. ग्रूप फक्त अॅडमिन मेसेज करू शकतील असा बंद केला आणि एक निवेदन टाकलं, मराठी आणि कन्नडमध्ये, की ग्रूपवर राजकीय शब्द वापरू नयेत, कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी. ते निवेदन आम्ही दोघांनी दीड तास बसून लिहिलं, प्रत्येक शब्द तोलून, राज्योत्सव आधी लिहायचं की नाही, दिलगिरी की खेद, विषाद की क्षमे. दीड तासात काकूंबद्दल एक ओळ त्यात आली नाही.

अर्ध्या तासात निवेदनाचा स्क्रीनशॉट बाहेर. कन्नड बाजूला: बघा, ग्रूपनंच मान्य केलं. मराठी बाजूला: ५९० ग्रूपची फितुरी, माझा नंबर, आणि सूर्याजी पिसाळ वगैरे. मेसेज जागेवर नसल्यामुळं मूळ पूर्ण यादी कुणाला दाखवायची तर ती पण राहिली नाही, आता जगात फक्त ती कापलेली ओळच शिल्लक होती. ही माझी या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक, आणि ती मी घाईत आणि स्वतःच्या भीतीनं केली.

मंगळवारी काकूंनी स्वतःच ठरवून आलेल्या प्रत्येक फोनला कन्नडमध्ये उत्तर द्यायला सुरुवात केली. न चिडता, रस्ते बंद असतात, रिक्षा येत नाही, दुसऱ्या दिवशी देते, तुम्हाला काय पाहिजे. हात पिठाचे, फोन स्पीकरवर भाजणीच्या डब्याला टेकवलेला, एकीकडे सोऱ्या फिरतोय. मी समोर बसून ऐकत होते. एका पोरानं चढ्या आवाजात काळा दिन का म्हणलात असं विचारलं, तर म्हणाल्या, "आमच्यात तसंच म्हणतात बाळा, तुमच्यात राज्योत्सव म्हणतात, तुझ्या घरी त्या दिवशी काय गोड करतात?" पोरगा गप्प झाला आणि फोन ठेवला. सगळे असे गप्प झाले नाहीत. पण त्यातलं एक बोलणं पलीकडच्यानं रेकॉर्ड केलं आणि बाहेर टाकलं, आणि मंगळवारी रात्री मराठी बाजूनं त्यांना गद्दार म्हणायला सुरुवात केली, कारण वाघीण कन्नडमध्ये गोड बोलताना सापडली. दोन दिवसांत तीन नावं पडली एका बाईला.

त्या रात्री त्यांच्या घरी गेले तर त्या मुलाशी फोनवर बोलत होत्या, "ते स्टेटस काढ. माझा फोटो काढ." तो काहीतरी समजावत होता, अस्मिता वगैरे. "तुला अस्मिता पाहिजे तर तू इकडं राहायला ये." त्यानं काढलं.

बुधवारी वळण लागलं आणि ते आमच्यामुळं नाही. गल्लीच्या तोंडाला राहणाऱ्या एक रिटायर्ड कन्नड शाळेच्या टीचर, काकूंच्या जुन्या गिऱ्हाईक, त्यांच्या भाच्यानं त्यांना धारवाडहून तो स्क्रीनशॉट पाठवला. टीचरनी मला फोन करून मूळ मेसेज मागितला, मी म्हटलं डिलीट केला, त्या रागावल्या, आणि मग त्यांच्याच फोनमध्ये तो सापडला, कारण रविवारी रात्रीच त्यांनी तो दोन मैत्रिणींना ऑर्डरसाठी पाठवला होता. त्यांनी पूर्ण यादीचा फोटो आणि त्याखाली कन्नडमध्ये एक व्हॉइस नोट केली, मिनिटभराचीसुद्धा नसेल. काळा दिन या शब्दाचा त्यांनी बचाव केला नाही. उलट म्हणाल्या की मला तो शब्द आवडत नाही, मी अक्काला ते तोंडावर सांगितलंय, पण माझे मिस्टर हॉस्पिटलात होते तेव्हा बारा दिवस डबा या बाईनं दिला आणि पैसे विचारले नाहीत, ज्यांनी तिची चकली खाल्ली नाही त्यांनी मला तिच्याबद्दल सांगू नये. स्वतःचं नाव सांगितलं आणि नोट भाच्याच्या त्याच ग्रूपवर टाकायला लावली जिथून स्क्रीनशॉट आला होता.

ती ऐकून सरांनी ग्रूप उघडला आणि फक्त एवढंच लिहिलं की ज्यांना काकूंचा अनुभव आहे त्यांनी आपल्या भाषेत लिहावं. पहिली दहा मिनिटं काही नाही. मग एका मुस्लिम ताईंनी लिहिलं की रमजानमध्ये इफ्तारीला यांचा चिवडा असतो. मग एकीनं लिहिलं की मीठ जास्त झालेली चकली परत घेऊन नवीन दिली होती. रात्रीपर्यंत चाळीसेक मेसेज झाले, निम्मे कन्नडमध्ये. कुणी सीमाप्रश्नावर एक वाक्य लिहिलं नाही.

शेवटी काय झालं

फोन शुक्रवारपर्यंत जवळजवळ थांबले. गेलेल्या एकोणीस ऑर्डरींतल्या अकरा परत आल्या, आठ आल्या नाहीत. पुण्या-कोल्हापूरच्या सपोर्टवाल्या ऑर्डरी काकूंनी घेतल्या नाहीत, आलेले पैसे एकेकाला परत पाठवले, त्यात दोन संध्याकाळी गेल्या. धमक्यांचा अर्ज लिहून दिला होता, तो नोंदवून घेतला गेला, पुढं त्याचं काही करावं लागलं नाही. स्क्रीनशॉट कुणी काढला ते कळलं नाही आणि आम्ही शोधणं पण सोडून दिलं, कारण ग्रूपमधल्या ज्यांच्याकडे काकूंचा नंबर सेव्ह नाही असे साडेचारशे लोक संशयित होतात.

नुकसान मात्र झालंच. १ नोव्हेंबरला घरातलं कुणी फेरीला गेलं नाही, त्या घरात हे पहिल्यांदा झालं असेल, आणि ते काकूंना सगळ्यात जास्त लागलं. "सासरे असते तर काय म्हणाले असते" असं एकदा म्हणाल्या. कन्नडवाल्यांना न दुखावता जगायचं म्हणजे आपली आठवण सोडायची असा त्याचा अर्थ झाला आणि तसा व्हायला नको होता. सरांनी नोव्हेंबरात अॅडमिनपद सोडलं, त्यांच्या बँकेतल्या लोकांनी त्यांना बरंच ऐकवलं होतं. काकू ग्रूपमध्ये आहेत पण त्यानंतर त्यांनी स्वतः एकही मेसेज टाकलेला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

मेसेज काढायला नको होता. मूळ पूर्ण मजकूर जागेवर असणं हाच कापलेल्या ओळीला एकमेव पुरावा असतो, आणि तो मी माझ्या हातानं पुसला. काढायचाच तर आधी पूर्ण फोटो काढून ठेवून, काकूंना विचारून. आता आमच्याकडे तसा नियम आहे.

निवेदन तर मुळीच टाकायला नको होतं. भावना दुखावल्या असल्यास, हे वाक्य आपल्याकडे इतकं वापरलं गेलंय की ते ऐकून कुणाचं दुखणं थांबत नाही, फक्त कुणीतरी गुन्हा केलाय असं ठरतं. आम्ही दीड तास शब्द तोलले आणि टीचरनी एका दमात माणसाबद्दल बोलून टाकलं. तेच सोमवारी सकाळी दहा वाजता मला करता आलं असतं. मी काकूंना अकरा वर्षं ओळखते, त्यांच्या सुनेचे ब्लाऊज मी शिवलेत. दोन दिवस मी राजकीय शब्दाबद्दल विचार करत बसले.

आणि हे बोलणं पलीकडच्या भाषेतल्या माणसानं करणं जास्त उपयोगी पडलं हे खरं आहे, पण त्यावर अवलंबून राहणं बरोबर नाही असं मला वाटतं. त्या वयात टीचरनी स्वतःचं नाव लावून बोलायची हिंमत केली, ती सगळ्यांकडून मागता येत नाही. सोमवारी आम्ही मराठी दहा-बारा जणींनी जरी पूर्ण यादी आणि आपापला अनुभव लिहिला असता तरी टीचरवर एवढा भार पडला नसता.

शब्दांवर बंदीचा नियम आम्ही नंतर तीन महिने ठेवून बघितला. काळा दिन नको, कराळ नको, सीमाभाग नको, व्याप्त नको. हा व्याप्त शब्द, म्हणजे कर्नाटकव्याप्त, कर्नाटकानं बळकावलेला भाग अशा अर्थानं, तर जानेवारी २०२१ ला महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री कार्यालयानंच ट्विटमध्ये वापरला होता, तेव्हा लोकांच्या तोंडी तो येणारच. यादी वाढत गेली, मग एकीनं विचारलं की राज्योत्सवाची सेल लिहिलेलं चालतं आणि काळा दिन चालत नाही, हे कसं. तिचं बरोबर होतं. एका बाजूचा शब्द सण म्हणून साधा धरला जातो आणि दुसऱ्या बाजूचा राजकीय, हा निवाडा आमचा नियमच करत होता. नियम काढला. आता एवढंच आहे की धंद्याच्या मेसेजमध्ये तारीख लिहा आणि अडचण काय ती लिहा, आणि ग्रूपमधला नंबर दिसणारा स्क्रीनशॉट बाहेर गेला आणि कुणी पाठवला ते कळलं तर त्याला काढणार. यावर पण सगळे खूश नाहीत. माझी एक मैत्रीण म्हणते, तारीख लिहायला लावणं म्हणजे पण शब्द काढूनच घेणं आहे, फक्त प्रेमानं. तिला माझ्याकडे उत्तर नाही.

काकूंनी मला एक बरोबर सांगितलं, की तुम्ही मला विचारलं असतं तर मी कन्नडमध्ये एक ओळ स्वतःच टाकली असती, रस्ते बंद म्हणून देता येत नाही, एवढी. सोमवारी सकाळीच. विषय कदाचित वाढला असता तरी, पण माझं मी बोलले असते.

२०२५ ला दिवाळी ऑक्टोबरातच होऊन गेली. तुळशीच्या लग्नाच्या लाडू-चिवड्याची यादी ग्रूपवर आली ती टीचरच्या नंबरवरून, वर कन्नड, खाली मराठी, मराठी काकूंनी सांगितलेलं आणि टीचरनी टाईप केलेलं, त्यामुळं वेलांटी-ऊकार जरा चुकलेले. खाली लिहिलं होतं, १ तारखेला रस्ते बंद, २ ला सकाळी न्या. मी दोन किलो लाडूची ऑर्डर ग्रूपवरच लिहिली, सगळ्यांना दिसेल अशी.